ज्याचे पाणी त्याला

सांगलीतले घर सोडायचे ठरले, तेव्हा सवयीप्रमाणे मी एक वही केली. सारी उमेद बँकेत घालवलेल्या माणसाला यादी केल्याशिवाय कोणतीही गोष्ट खरी वाटत नाही. वहीत तीन रकाने आखले : न्यायचे, द्यायचे आणि टाकायचे. स्वाध्यायाचे ग्रंथ, देव्हारा, आईचे पितळी डबे न्यायच्या रकान्यात गेले. शिसवी पलंग द्यायच्या रकान्यात गेला. जुन्या पासबुकांचा गठ्ठा मन घट्ट करून टाकायच्या रकान्यात लिहिला. तीन दिवसांत वही भरत आली. चौथ्या दिवशी सौ.ने ती हातात घेतली, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, "अहो, सोन्या-मन्या कुठल्या रकान्यात?"

सोन्या आणि मन्या म्हणजे आमच्या घरातले दोन गोल्डफिश. त्यांची नोंद करायला मी विसरलो होतो, असे म्हणणे खोटे ठरेल. मी ती टाळली होती.

सौ.च्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. आमचे घर गावभागात दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, लिफ्ट नाही. मुलगा गुरुग्रामला असतो. "आता तुम्ही इकडेच या," हा त्याचा आग्रह गेल्या वर्षी आम्ही मान्य केला. सांगलीहून दिल्लीकडचा रेल्वेप्रवास दीड दिवसाचा आहे. सामान ट्रकने जाणार होते, आम्ही गाडीने जाणार होतो. पण ट्रकवाल्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, की सजीव काहीही नेणार नाही, कुंड्यासुद्धा नाहीत.

हे मासे आमच्याकडे आले ते २०१६ साली, नातू तीन वर्षांचा असताना. त्याच्या हट्टापायी मुलाने काचेची टाकी आणली आणि पाच गोल्डफिश व एक सकर मासा तीत सोडला. मी तेव्हा नोकरीत होतो. संध्याकाळी घरी येऊन पाहतो तो दिवाणखान्यात निळा दिवा आणि पाण्याची बुडबुड. मला ते मुळीच रुचले नाही. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला पहिलाच बंध, म्हणजे जिवाला कोंडून, बांधून ठेवणे. मासा हा पंचेंद्रिय जीव. अठराव्या अरनाथ तीर्थंकरांचे लांछन दिगंबर परंपरेत मासा हेच आहे. तीर्थंकरांच्या मातेला पडणाऱ्या सोळा स्वप्नांत आपण मीनयुगल पाहतो आणि घरी मात्र काचेच्या पेटीत त्यांची शोभा करतो, हे काही बरे नव्हे, असे मी मुलाला ऐकवले. तो म्हणाला, "बाबा, आता आणलेत. परत दिले तर दुकानातल्या पेटीत राहतील, एवढाच फरक." त्याचे म्हणणे खोडता आले नाही. मासे राहिले.

राहिले तसे त्यांचे शास्त्रही आम्हाला शिकावे लागले, आणि ते चुकत चुकतच शिकलो. पहिल्या महिन्यात तीन मासे गेले. दर रविवारी सगळे पाणी फेकून टाकी लख्ख घासायची, म्हणजे स्वच्छता, अशी आमची समजूत होती. पुढे कळले की माशांच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया उतरतो आणि तो त्यांना विषासारखा असतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये, वाळूत आणि काचेवर काही सूक्ष्म जीवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे शेवटचे रूप माशांना बरेच सुसह्य असते. ही वस्ती जमायला महिना-दीड महिना लागतो. आम्ही ती दर रविवारी नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकत होतो. तेव्हापासून आठवड्याला चौथाई पाणीच बदलायचे, तेही एक दिवस उघडे ठेवलेले, असा नियम सौ.ने घातला. सोन्या आणि मन्या जगले ते त्या नियमामुळे.

दुसरी चूक माझ्या लक्षात आली ती छापील बारीक अक्षरे वाचण्याच्या सवयीमुळे. खाद्याच्या डबीवर घटकांची यादी होती आणि तीत पहिलाच घटक 'फिश मील' होता. ज्या घरात कंदमूळ येत नाही, त्या घरात वर्षभर सुक्या माशांची भुकटी ठेवलेली होती! त्या दिवसापासून शैवाळापासून केलेले खाद्य, वाफवून साल काढलेला मटार आणि पालक सुरू केला. गोल्डफिश वनस्पतीही खातो आणि किडेही. त्याला मटार मानवला. मला मात्र एवढे कळले, की जीव पाळायचा म्हणजे त्याच्या पोटाचा प्रश्नही आपल्या व्रतात येऊन बसतो.

तिसरी चूक सर्वांत मोठी. ती मी आजवर कोठे लिहिली नव्हती.

सकर मासा आणला तेव्हा बोटाएवढा होता. काचेवरचे शेवाळ खातो, म्हणून आणलेला. दोन वर्षांत तो हातभर वाढला. टाकीत त्याला वळता येईना. २०१८च्या दशलक्षण पर्वात मला वाटले, या जिवाला आपण मोकळे करावे. पर्वात अभयदानासारखे पुण्य नाही. उत्तम त्याग धर्माच्या दिवशी पहाटे मी त्याला बादलीत घेऊन कृष्णेच्या घाटावर गेलो, णमोकार मंत्र म्हटला आणि त्याला पाण्यात सोडले. तो क्षणार्धात तळाशी दिसेनासा झाला. त्या दिवशी मंदिरात माझे मन इतके हलके होते, की मी ही गोष्ट दोघातिघांना सांगितलीही. त्यांनी अनुमोदना केली.

काही वर्षांनी त्या माशाविषयीची एक बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि मग मिळेल ते वाचत गेलो. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडांची कडक चिलखते असल्यामुळे आपल्याकडच्या नद्यांत त्याला फारसा कोणी खात नाही. टाकीतून सोडलेले हे मासे आता वाराणसीजवळ गंगेत, कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत आणि केरळातही सापडतात. ते शेवाळाबरोबर इतर माशांची अंडी फस्त करतात. काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतात, त्यामुळे काठ ढासळतात. कोळ्यांची जाळी त्यांच्या काट्यांनी फाटतात. माझा एक मासा नदीत एकटा राहिला असेल, लगेच मेलाही असेल. परंतु मी सोडला तसा आणखी कोणी सोडला असेल, तर त्या दोघांच्या वंशाने किती जिवांचा घास घेतला, याचा हिशेब कोणत्या खातेवहीत मांडायचा? एका जिवाला अभय देताना मी अनेकांचे अभय काढून घेतले असण्याचा संभव आहे. पुण्याच्या बाजूला जमा धरलेली रक्कम नावे टाकावी लागली. त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी घाटावर जाऊन मी नदीची क्षमा मागितली. माणसांकडे क्षमा मागणे सोपे असते. ते निदान हात जोडतात.

तोवर २०१९चा महापूर येऊन गेला होता. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या गल्लीत नाव चालत होती. तळमजल्यावर भाड्याने राहणारे कुटुंब, नवरा-बायको आणि त्यांची सात वर्षांची मुलगी, आमच्याकडे वर आले आणि पाच दिवस राहिले. वीज नव्हती. हवेचा पंप बंद पडल्यावर काही तासांतच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. सौ.ने तांब्या घेतला. टाकीतलेच पाणी भरायचे आणि वीतभर उंचीवरून परत ओतायचे. पाणी ढवळले की त्यात हवा मिसळते. दर अर्ध्या तासाला वीस तांबे. रात्री आम्ही पाळ्या लावल्या. त्या मुलीनेही पाळी मागून घेतली. मेणबत्तीच्या उजेडात ती दोन्ही हातांनी तांब्या उचलायची आणि मोठ्याने मोजायची. वीस झाले की माशांना सांगायची, "आता झोपा." दहा दिवसांनी पाणी ओसरून घरे धुतली गेली, तेव्हा सोन्या-मन्या जिवंत होते. त्यानंतर त्यांना बंधात ठेवल्याविषयी मी कधी तक्रार केली नाही. कोंडले आपण होते. मग जगवणेही आपल्याच अंगावर होते.

तर असे हे दोन जीव, आता नऊ वर्षांचे, प्रत्येकी सहा इंचांचे, माझ्या वहीत रकान्याशिवाय राहिले होते. नीट सांभाळला तर गोल्डफिश पंधरा-वीस वर्षेही जगतो. म्हणजे अजून निम्मे आयुष्य बाकी होते.

पहिला विचार अर्थातच बरोबर नेण्याचा. फोनवर नातू विचारत होता, "आजोबा, त्यांना आणणार ना?" चौकशी केली. मासे दूर नेता येतात; आपल्या देशातून विमानाने परदेशी जातात. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरतात, पिशवी थर्माकोलच्या पेटीत अंधारात ठेवतात, आणि निघण्यापूर्वी एक-दोन दिवस खाद्य बंद करतात, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. हे सर्व शक्य होते. पण गाडीतल्या दीड दिवसात पिशवी फुटली, गाडी रखडली, डब्यात उकाडा वाढला, तर करणार काय? पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. आणि सुखरूप पोचले तरी तिथे नवी टाकी, नवे पाणी, जीवाणूंची वस्ती नाही. पहिला महिना पुन्हा विषाचा. हा धोका नेमका कोणासाठी पत्करायचा, असे मी स्वतःला विचारले. माशांना गुरुग्रामची ओढ नव्हती. ओढ आम्हाला होती, आमच्या दिवाणखान्यातले एक सवयीचे दृश्य पुढे चालू राहावे याची. माझ्या आसक्तीचे भाडे त्यांनी भरावे, हे पटेना.

दुकानदाराला विचारले. माणूस सरळ होता. म्हणाला, "काका, एवढे मोठे मासे कोणी विकत घेत नाही. ठेवून घेतो, पण पुढचं काही सांगत नाही." त्याने सांगितले नाही तेच मला कळले.

समाजातल्या एका ज्येष्ठाने सुचवले, "नदीत सोडा. पर्वही जवळ आले आहे." मी त्यांना सकरची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "हे तर साधे सोनेरी मासे." साधे खरे, पण तेही इथले नव्हेत. हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये माणसाने रंगासाठी निवडून निवडून घडवलेली ही जात. रोहू-कटल्याच्याच कुळातली, तरी नदीच्या जगण्याला पारखी झालेली. तो तांबूस सोनेरी रंग नदीत बगळ्याला दुरून दिसतो. आणि त्यातून जगलाच, तर तळ उकरून पाणी गढूळ करणार, इथल्या माशांचे अन्न खाणार, टाकीतला रोग नदीत नेणार.

त्या रात्री मला आईची आठवण आली. आमच्या खेड्यातल्या वाड्यात विहीर होती. आई दुहेरी फडक्यातून पाणी गाळायची आणि गाळण्यात राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, पुन्हा विहिरीत सोडायची. त्याची भांड्याला बांधलेली दोरी अशी असायची, की भांडे पाण्याला टेकल्यावरच कलंडावे. वरून आपटून जिवांना इजा होऊ नये. एकदा मी लहानपणी आळसाने ते पाणी अंगणातल्या हौदात ओतले. आईने मला पुन्हा कधी नाही इतके रागे भरले. ती म्हणाली, "ज्याचं पाणी त्याला. हौदाचं पाणी वेगळं, विहिरीचं वेगळं. दुसऱ्या पाण्यात ते मरतात आणि त्यातल्यांनाही मारतात." ती शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. अभयदान कशाला म्हणतात, हे मला तिने सातव्या वर्षी शिकवले होते आणि मी ते साठीला आल्यावर घाटावर विसरलो होतो.

मग सोन्या-मन्याचे पाणी कोणते? कृष्णेचे नव्हे, गुरुग्रामचेही नव्हे. ते नऊ वर्षे जिथे राहिले, त्या टाकीतलेच. म्हणजे टाकी, पाणी, स्पंज, मासे हे सारे एकत्रच जायला हवे होते, आणि तेही जवळ.

आता घर कोणाचे, एवढाच प्रश्न उरला. आमच्याच समाजातील एका सद्गृहस्थांनी आनंदाने तयारी दाखवली. त्यांच्याकडे आधीच टाकी होती. मी पाहून आलो. दोन फुटांची टाकी, तीत दहाबारा मासे, पाणी दुधाळ. दर रविवारी गडी सगळे पाणी बदलतो, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. मी काही सुचवून पाहिले. ते हसून म्हणाले, "गेला एखादा, तर दुसरा आणतो." मनाने ते अतिशय चांगले आहेत, यात शंका नाही.

दुसरे घर सौ.ने सुचवले : पुरात आमच्याकडे राहिलेल्या त्या कुटुंबाचे. पूर ओसरल्यावर ते विश्रामबागेत, उंचावरच्या भागात राहायला गेले. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. आम्ही बाहेरगावी गेलो, की बसने येऊन तीच माशांना खाद्य घालायची. वहीत तारीख, वेळ आणि घातलेले चिमूटभर प्रमाणही लिहून ठेवायची. तिच्या इतकी चोख नोंद माझ्या हाताखालच्या अनेकांनी ठेवली नव्हती.

अडचण एकच होती. त्यांच्या घरी मासे खातात.

ही अडचण मी दोन दिवस मनात घोळवली. सुचवले होते सौ.नेच, तरी तिलाही ते जड गेले. "त्यांच्या स्वयंपाकघरात कढईत मासा आणि बाहेर टाकीत मासा," ती म्हणाली, "मला झोप लागायची नाही." मलाही वाटले, लोक काय म्हणतील? जैनाने आपले जीव अशा घरी दिले! पण मग मी दोन्ही घरे समोरासमोर मांडली, कर्जाच्या अर्जाची छाननी करावी तशी. एका बाजूला आमचाच धर्म, आमचीच भाषा, आणि 'गेला एखादा तर दुसरा'. दुसऱ्या बाजूला आमचा आहार नाही, परंतु आम्ही वर राहत होतो तेव्हा दशलक्षणाच्या दहाही दिवसांत, कोणी न सांगता, जिन्यात वास येईल असे काही न शिजवणारी बाई. आणि मेणबत्तीच्या उजेडात वीस तांबे मोजणारी मुलगी. माशांच्या जिवाला कोणाचा आधार आहे, हे कुळावरून ठरत नव्हते. मी सौ.ला म्हटले, "आपण माशांसाठी घर शोधतो आहोत, की आपल्या मनाच्या समाधानासाठी?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आधी पोरीला विचारा."

पोरीला विचारले. सौ.ने आडपडदा न ठेवता आपली शंकाही सांगितली. मुलगी गोंधळली नाही. म्हणाली, "आजी, बाजारातल्या माशाला नाव नसतं. यांना आहे." तिच्या आईने मात्र मान खाली घातली. "काकू, टाकी ठेवू त्या खोलीत आम्ही तसलं ताट नेणार नाही," ती म्हणाली. आम्ही तसे मागितले नव्हते. त्यांनी आपण होऊन दिले.

भाद्रपदात क्षमावाणी झाली आणि आश्विनात टाकी हलवली. आधी दोन दिवस खाद्य बंद केले. अन्नपाननिरोध हाही अतिचारच, म्हणून सौ. अस्वस्थ होती. मी म्हटले, "तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी तुलाही उपाशी ठेवले होते." तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तितकीच उंच टाकी, तीत सुमारे १३० लिटर पाणी, म्हणजे १३० किलो वजन. भरलेली टाकी उचलली तर सांधे उकलतात. म्हणून निम्मे पाणी झाकणाच्या बादल्यांत भरून घेतले. मासे वेगळ्या बादलीत, वर ओले फडके. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवला. तो वाळला असता तर सगळी मेहनत व्यर्थ. मुलीच्या वडिलांनी आपली गाडी इतक्या सावकाश चालवली, की मागचे लोक भोंगे वाजवत होते. नव्या जागी जुने पाणी, जुना स्पंज, मग थोडे थोडे नवे पाणी. शेवटी बादली पाण्याला टेकवून हळूच कलंडवली. आईचे भांडे कलंडत असे, तशीच.

मुलीच्या हाती मी चार्ज द्यावा तशी एक यादी दिली : खाद्य किती, पाणी केव्हा, वीज गेली तर काय, फिल्टर कसा धुवायचा, आणि शेवटचे कलम, 'कोणत्याही परिस्थितीत नदीत, तलावात अथवा विहिरीत सोडू नये, अडचण आल्यास फोन करावा.' तिने खाली सही केली. सौ. त्या दिवशी जिना चढून घरी आली आणि टाकीच्या रिकाम्या जागेकडे पाठ करून बसली.

पहिले आठ दिवस मन्या काही खाईना. रोज फोन होत होते. आम्ही गाडीत असताना, भोपाळ मागे पडल्यावर संदेश आला : आज मटार खाल्ला. सौ.ने तो डब्यातल्या समोरच्या बाईंनाही वाचून दाखवला.

नातवाला वाटले होते तितके वाईट वाटले नाही. दर रविवारी तो त्या मुलीशी बोलून मासे पाहतो. परवा त्याने विचारले, "आजोबा, इथे नवीन मासे आणू या?" मी त्याला सकरची गोष्ट सांगितली, घाटासकट. ती ऐकून त्याने पुन्हा विचारले नाही, आणि मीही उपदेश केला नाही.

सामान लावताना ती वही सापडली. तीन रकान्यांच्या पुढे सौ.ने पेन्सिलीने चौथा रकाना आखला होता आणि वर लिहिले होते, 'सोपवायचे'. त्याखाली दोनच नावे होती.